रूम आहे, खाट दगडाची

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पवनानगरच्या चौकात उभं राहिलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. एमएच बारा नाहीतर चौदाची गाडी थांबते. काच अर्धी खाली येते, आधी एसीची गार झुळूक बाहेर पडते आणि तिच्या मागून प्रश्न.

“दादा, इथं ते जुन्या वाड्यातलं हॉटेल कुठंय? पाण्याच्या काठी?”

“जुना वाडा? तसं काय नाय इथं. टेंट आहेत, पायजे तेवढे.”

“अहो, पण फोटोत कमान होती. दगडी. मोठी.”

“ती व्हय! ती गेल्या दिवाळीत बांधली.”

गाडीतली मंडळी एकमेकांकडे बघतात. दिवाळीत का होईना, कमान आहे म्हटल्यावर गाडी पुढे सरकते. शहरातल्या माणसाला सुट्टीपुरतं जुनं घर हवं असतं. स्वतःचं जुनं घर त्याने पुनर्विकासाला दिलेलं असतं, तो भाग वेगळा. जुन्याच्या त्याच्या अटीही ठरलेल्या असतात. भिंत शिवकालीन चालेल, पण गीझर यंदाचा पाहिजे. जिना कुरकुरला तर हरकत नाही, पलंग कुरकुरता कामा नये. ओसरीवर पाल दिसली तर ‘वातावरण’, बाथरूममध्ये दिसली तर मॅनेजरला फोन.

ही मागणी ओळखून मावळात ‘नवे जुने वाडे’ उभे राहायला लागले आहेत. दरवाजा कराईकुडीहून किंवा जोगेश्वरीच्या जुन्या बाजारातून येतो. आपण मूळचे तमिळ चेट्टियारांच्या घरचे आहोत आणि आता पेशवाईत नोकरीला लागलो आहोत, हे त्या दरवाज्याला कुणी सांगितलेलं नसतं. कंदिलात एलईडी, जात्यावर वायफायचा पासवर्ड, तुळशीवृंदावनात कॅक्टस. जेवायला पितळी ताट, पण ताटातला पदार्थ पनीर. बाहेर एक बैलगाडी रंगवून ठेवलेली असते. तिला बैल कधीच जोडलेले नसतात, कारण ती वेल्डिंगवाल्याकडून थेट फोटोसाठीच आलेली असते.

यात पवनानगरला दोष देण्यात अर्थ नाही. ते गाव तसं नवंच. धरण बांधायला आलेल्या माणसांची काळे गावाजवळची ही वसाहत, म्हणून नाव काळे कॉलनी. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही तेच आहे. पुढे तिचं पवनानगर झालं. धरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं, साठा साडेआठ टीएमसी. पिंपरी-चिंचवडच्या नळांना याच पाण्याचा आधार. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ज्या पाण्याने चिंचवडकर घरी आंघोळ करतो, तेच पाणी तो शनिवारी इथे येऊन बघतो आणि बघण्याचे वेगळे पैसे देतो.

सरकारी हिशेबाने पाहिलं तर हे धरणसुद्धा कोवळंच ठरेल. हेरिटेज हॉटेलचा दर्जा हवा असेल तर इमारत १९५०च्या आधीची असावी, असा केंद्रीय पर्यटन खात्याचा दंडक आहे. या दंडकावर काठावरचे तंबू बाद, कमानी बाद, बैलगाडीही बाद.

उरतं काय? तर एक जागा उरते. ती १९५० नव्हे, इसवी सनाच्याही आधीची आहे. समोर पवनेचं खोरं पसरलेलं आहे, दगडी बांधकाम अस्सल आहे. आणि मुळात ती बांधलीच होती पाहुण्यांनी मुक्काम करावा म्हणून. जगभर जुन्या इमारतींची अतिथिगृहं होतात. पवनेच्या खोऱ्यात उलटं झालं. इथे एका अतिथिगृहाची जुनी इमारत झाली. नाव बेडसे, बौद्ध भिक्षूंची लेणी.

पवनानगरहून कामशेतकडे निघालं की बेडसे गावाची पाटी लागते. गाडी खाली लावून सुमारे चारशे पायऱ्या चढायच्या. बेल डेस्क नाही, सामान ज्याचं त्याने उचलायचं. वर पोचल्यावर पहिल्यांदा वाटतं की आपण चुकलो, कारण समोर नुसता कातळ दिसतो. खोदणाऱ्यांनी दर्शनी भागापुढचे दोन प्रचंड खडक तसेच राखले आहेत आणि मधे बोळासारखी वाट ठेवली आहे. आजचा हॉटेलवाला दोन किलोमीटर आधीपासून बाण लावत येतो. इथे एवढं देखणं काम करून ते दगडामागे दडवून ठेवलंय. बोळातून आत शिरलं की चैत्याच्या, म्हणजे पूजेच्या दालनाच्या, दारापुढचे सुमारे पंचवीस फुटी खांब अंगावर येतात. खांबांच्या डोक्यावर हत्ती, घोडे, बैल, आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. दागिन्यांत हात सैल, वस्त्रांत मात्र कमालीची काटकसर. ब्रह्मचाऱ्यांच्या वसतिगृहाच्या दारावर ही सजावट कुणी मंजूर केली असेल, याचा विचार करत अनेक सभ्य कुटुंबं तिथे मिनिटभर जास्त थांबतात.

शेजारीच विहार, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा. बाकी विहार चौकोनी असतात. हा मागच्या बाजूला गोलाकार आणि वर कमानीसारखं छत असलेला, असा नमुना सहसा पाहायला मिळत नाही. भोवतीने खोल्या. खोली म्हणजे एक माणूस आडवा होईल आणि एक कंदील उभा राहील एवढी जागा. खिडकी नाही, त्यामुळे ‘व्हॅली व्ह्यू’ रूमचा जादा आकार नाही. एसीची गरज नाही, कातळ बाराही महिने गार. खाटेचा प्रश्न भाज्याच्या लेण्यात जाऊन पाहिला तर सुटतो. तिथे खोल्यांमधून दगडाचेच ओटे कोरलेले आहेत, भिंतीतून निघालेले. चोरीला जाणार नाहीत, ढेकूण होणार नाहीत, आणि ‘एक्स्ट्रा बेड’ हवा असेल तर पुन्हा शंभर कारागीर लावावे लागतील.

पाण्याची सोय चोख. कातळात टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांच्या भाषेत त्यांना पोढी म्हणतात. बेडशाच्या एका टाक्यावर देणगीदार बाईंचं नाव कोरलं आहे. समडिनिका, महाभोजांची कन्या, आपदेवणकाची पत्नी, महारठिणी. माहेर आणि सासर दोन्हीकडचे मानपान सांभाळून दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेला हा मजकूर. मावळातल्या लग्नपत्रिकांचा उगम शोधायचा असेल तर संशोधकांनी इथून सुरुवात करावी. दुसरा देणगीदार नाशिकचा, आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक. नाशिकचा माणूस मावळात पैसे घालतो, म्हणजे सेकंड होमची कल्पनाही आपण समजतो तेवढी नवी नाही. एवढंच की त्याने पैसे घातले आणि राहायला दुसऱ्यांना पाठवलं.

जाहिरात हवी तर डोंगरापलीकडे, इंद्रायणीच्या बाजूला, कार्ल्याला जावं. वैजयंतीच्या म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या शेठजींनी तिथल्या चैत्यगृहाचं काम पुरं करवून घेतलं आणि दारातच लेख कोरून ठेवला, की हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. परीक्षणाची वाट पाहिली नाही, तारे मोजले नाहीत. स्वतःच लिहिलं, दगडात लिहिलं, आणि पाहणाऱ्या कुणालाही आजवर ते फारसं नाकारता आलेलं नाही. आतल्या खांबांवर एकेकाची नावं, त्यांत धेनुकाकट गावचे यवन; दारांवर कुणी अत्तरवाला, कुणी सुतार. आज देवळात पंखा दिला की तिन्ही पात्यांवर नाव येतं. तेव्हा पंखे नव्हते, म्हणून खांबावर भागलं. ‘किंग सुद्धा येऊन गेला’ असं लिहून शेजारी बदाम काढणाऱ्या हल्लीच्या पाहुण्याला हाच जुना मजकूर दाखवून समर्थन करता येत नाही. जुन्यांनी आधी खांब दिला होता.

आता मुक्काम कशासाठी? वर्षावासासाठी. भिक्षूंनी एरवी गावोगाव हिंडायचं, पण पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबायचं. नियमाचं कारण मोठं गोड आहे: पावसात हिंडलं की कोवळी पिकं आणि बारीक जीवजंतू पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली होती. मावळात भातलावणी चालू असताना संन्याशांनी बांधावरून फिरू नये म्हणून डोंगरात एवढी सोय केली गेली! आज बरोबर त्याच तीन महिन्यांत मावळात माणसांची रीघ लागते, आणि निम्मी मंडळी फोटोसाठी थेट खाचरात उतरतात. बुटांना चिखल लागला म्हणून नंतर शेतकऱ्याकडेच पाणी मागतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी वाण दिला, त्याच्या वासाने अख्खा तालुका दरवळतो. पण तो आधी उभा राहिला पाहिजे ना.

जेवणाचंही तेव्हा नीट बघितलेलं होतं. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या वलूरक लेण्यांमधल्या, वर्षावासातल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं. ब्रेकफास्ट फुकट देणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. ब्रेकफास्टसाठी एक गाव तोडून देणारा यजमान विरळा. जावईबापूंनी स्वतः दान द्यावं, ही गोष्टही आपल्याकडे शिलालेखात नोंदवण्यासारखीच.

नियम मात्र कडक. भिक्षूने दुपारनंतर जेवायचं नाही. नाच-गाणं नाही. उंच आणि ऐसपैस बिछाना वर्ज्य, म्हणजे ‘किंग साइज’चा प्रश्न धर्मानेच निकाली काढलेला. याच्या बरोब्बर उलटा कागद काढला की पवनाकाठच्या तंबूचं पॅकेज तयार होतं. जेवण दुपारनंतरच सुरू होतं आणि मग थांबत नाही. बार्बेक्यू अनलिमिटेड, शेकोटी, स्पीकर, पडद्यावर सिनेमा. रात्री दोन वाजता या तंबूतलं घोरणं त्या तंबूत स्वच्छ ऐकू येतं, कारण दोहोंमध्ये कापड आहे. बेडशात कातळ होता. गोपनीयतेच्या बाबतीत मावळाची दोन हजार वर्षांत पीछेहाट झाली, असं कुणी म्हटलं तर त्याला उत्तर देणं अवघड आहे.

एक कबुली द्यायला हवी. त्या तंबूंमागे इथल्याच माणसांचा संसार आहे. जमीन धरणात गेली, उरलेल्या तुकड्यावर भात किती पिकणार? मग पाण्याखाली गेलेल्या रानाकडे तोंड करून तंबू लावला आणि देखावा भाड्याने दिला. आजोबांनी नांगरलेलं शेत नातू ‘लेकसाइड’ म्हणून दाखवतो. यात विनोद आहे, पण तो शहरातल्या माणसाने फार मोठ्याने हसावा असा नाही. याच पाण्यात वाघेश्वराचं जुनं देऊळ आहे. धरण भरलं की ते बुडतं, उन्हाळ्यात पाणी आटलं की वर येतं. पाण्याच्या काठावरची वास्तू सगळेच विकतात. पाण्यातच राहणारी ही एकटीच. तिचं बुकिंग महादेवाकडे.

जुन्या इमारतीत खरोखर राहायचंच असेल तर मावळाबाहेर जावं लागतं. नदीकाठचं अस्सल उदाहरण म्हणजे तेरेखोल. सावंतवाडीच्या खेमसावंतांनी खाडीच्या मुखाशी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. तेव्हापासून गोव्याचा हा तुकडा नदीच्या महाराष्ट्राच्या बाजूला चिकटून राहिला आहे. गोव्यातून गोव्यात जायला केरीहून फेरीबोट. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे घुसून तिरंगा फडकवला होता. पुढे किल्ल्याचं हॉटेल झालं आणि त्याच्या सात खोल्यांना सात वारांची नावं दिली गेली. कल्पना सुरेख, पण मराठी कुटुंबाच्या दृष्टीने घोटाळ्याची. ‘शनिवारी आम्हाला गुरुवार मिळाला, पण सोमवारपर्यंत मंगळवार रिकामा होत नाही’ हे वाक्य फोनवर ऐकलेल्या आजीने देव्हाऱ्यातलं कॅलेंडर तपासायला घेतलं तर तिचं काय चुकलं? आणि गुरुवारच्या खोलीत मासे चालतात का, हा प्रश्न मालवणी माणसाला पडणारच. आवारात सेंट अँथनीचं चर्च आहे. तेही या वादात पडत नाही.

दुसरं उदाहरण नर्मदेकाठचं, महेश्वरचं. तिथला होळकरांचा वाडा आणि किल्ला. अहिल्याबाईंनी इंदूर सोडून तिथून कारभार केला आणि १७९५ मध्ये तिथेच देह ठेवला. रिचर्ड होळकर यांनी २००० साली त्यात अतिथिगृह सुरू केलं. परदेशी पाहुण्यांत त्याचं मोठं नाव झालं. घाट तसाच देखणा आहे, मातीची हजारो छोटी शिवलिंगं रोज करून नर्मदेत सोडण्याची पूजा अजून चालते. सगळं उत्तम. पण मराठी माणूस तिथल्या दरांवर नजर टाकतो आणि त्याला उगाच आठवतं, की याच बाईने काशीपासून गयेपर्यंत नद्यांकाठी घाट आणि धर्मशाळा बांधल्या होत्या, यात्रेकरूंसाठी, विनामूल्य. बाई असत्या तर तो दर पाहून काय म्हणाल्या असत्या? बहुधा काही नाही. शांतपणे शेजारी एक धर्मशाळा बांधायला घेतली असती.

हे आपल्याकडेच घडतं असंही नाही. स्पेनमध्ये सांतियागो इथे राजा फर्नांडो आणि राणी इसाबेलने पायी येणाऱ्या यात्रेकरूंसाठी इस्पितळवजा निवास बांधला. १९५४ मध्ये त्याचं आलिशान हॉटेल झालं. यात्रेकरू अजूनही पायीच येतात; त्यातले बरेचसे ती इमारत बाहेरून पाहून पुढे स्वस्त जागा शोधतात.

महाराष्ट्र सरकारच्याही मनात एकदा असं काही आलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याच्या विचाराची बातमी आली आणि एकच गहजब झाला. शिवाजी महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. मावळातली माणसं फारशी घाबरली नव्हती. पवनेच्या चहूबाजूंना लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना उभे आहेत. तुंगाच्या माथ्यावर भर पावसात, आडव्या वाऱ्यात, ट्रेमध्ये कॅपुचिनो घेऊन जाणारा वेटर डोळ्यांपुढे आणला की कोणत्याही निविदेचं भवितव्य समजतं. लोहगड तर २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता तिथे खिळा ठोकायलाही पॅरिसला विचारावं लागेल, असं गडाखालचे लोक म्हणतात. हे सोळा आणे खरं नसलं तरी चालू द्यावं; निदान खिळे तरी वाचतील.

किल्ल्याचं हॉटेल होण्यातला खरा धोका खोली-भाड्याचा नसतो, तो ‘नीटनेटकं’ करण्याच्या हौसेचा असतो. बेडशाने तो अनुभव घेतला आहे. इथल्या चैत्यात एकेकाळी चित्रं होती. खांबांवर, भिंतींवर, रंगांत. १८६१ साली कुणी साहेब पाहायला येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी आत साफसफाई आणि रंगसफेदी करवून घेतली, आणि उरलीसुरली चित्रं गेली. साहेब आले असतील, चोख ठेवलंय म्हणाले असतील, निघून गेले असतील. पाहुणा येणार म्हणून घर आवरण्याच्या नादात घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू पुसून टाकण्याचं एवढं चोख उदाहरण दुसरं सापडणार नाही. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी रात्रीत रंगवलेले दुभाजक पाहिले की १८६१ फार मागे पडलंय असं वाटत नाही.

चौकातली ती गाडी मात्र एव्हाना कमानीपाशी पोचलेली असते. कमान आहे, तलवारी आहेत, रूम दोन वाजता मिळणार आहे. तोवर करायचं काय, म्हणून रिसेप्शनवरचा मुलगा लेण्यांचं सुचवतो. काका पायऱ्यांचा आकडा ऐकून गाडीतच थांबतात. मावशी आणि मुलगी चढून जातात. तासाभराने खाली येतात तेव्हा मुलगी सांगते, “बाबा, वरती रूम्स कसल्या भारी आहेत! पण राहू देत नाहीत.” खरं आहे, देत नाहीत. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना खाली उतरावं लागतं. शेवटचा भिक्षू निघून गेल्यापासून इथे मुक्काम वटवाघळांचा.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: लेण्यांचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा सकाळी लवकर जावं, ऊन थेट खांबांवर येतं. भातखाचरांतून वाट काढू नये. पाण्याची बाटली खालूनच भरून घ्यावी. समडिनिकाबाईंचं टाकं आहे, पण ते पाणी आता पिण्याजोगं नाही, आणि वर हॉटेल नाही.